यातला आमचा वायन कोणता?

बालीला जाऊन आलेला प्रत्येक जण देवळांचे फोटो दाखवतो. भातशेतीच्या पायऱ्या दाखवतो, माकडं दाखवतो. त्या देवळापर्यंत आपण पोचलो कसे, आणि मुख्य म्हणजे अंधार पडल्यावर तिथून परत आलो कसे, याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. फोटोत सगळे असे हसत असतात की वाटावं, विमानाने यांना थेट देवळाच्या पायरीवरच उतरवलंय. मी आता जाऊन आलोय. त्या हसऱ्या मंडळींनी फोटोच्या दहाच मिनिटं आधी कुणाशी तरी भाड्यावरून हुज्जत घातलेली असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आम्ही म्हणजे मी, बायको, सासूबाई आणि मेहुणा. मेहुणा पूर्वतयारीचा माणूस. निघण्याआधी त्याने टॅक्सीविषयीचे नियम फोनमध्ये उतरवून घेतले होते आणि विमानात ते आमच्याकडून घोकून घेतले. स्वतःहून 'टॅक्सी?' विचारत येईल त्याच्या गाडीत बसायचं नाही. मीटर पडल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर जुळल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "अरे बाळ्या, आपण फिरायला चाललोय की दरोड्याच्या तपासाला?"

पहिला नियम न्गुराह राय विमानतळाच्या दारातच कामाला आला. बाहेर पडल्यावर कठड्याच्या पलीकडे नावाच्या पाट्या धरलेली माणसं असतात आणि अलीकडे पाट्या नसलेली. या दुसऱ्यांपासून जपायचं. 'टॅक्सी, बॉस?' हे ते अशा दबक्या आवाजात विचारतात की टॅक्सी चोरीची असावी अशी शंका यावी. एकाने तर बायकोच्या बॅगेच्या मुठीला प्रेमाने हात घातला. तिने एकच कटाक्ष टाकला. तो कटाक्ष मी ओळखतो. त्या माणसानेही लगेच ओळखला. विमानतळावर टॅक्सीची अधिकृत खिडकी आहे. कुठे जायचं ते सांगा, त्या भागाचं ठरलेलं भाडं भरा, पावती घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण प्रवासाच्या पहिल्या तासात घासाघीस करायची ताकद कुणात असते?

खरी परीक्षा नोटांची. इंडोनेशियाच्या रुपियाला इतकी शून्यं की एटीएमच्या बाहेर पडता पडता माणूस लक्षाधीश होतो आणि पहिल्याच टॅक्सीत त्यातले काही लाख गमावतो. लाखाची नोट लाल, पन्नास हजारांची निळी, वीस हजारांची हिरवी, दोन हजारांची करडी. दिवसा सगळं ठीक. रात्री टॅक्सीच्या छतातल्या मिणमिणत्या दिव्याखाली हिरवी आणि करडी यांत काडीचा फरक दिसत नाही, आणि असतो मात्र दहापट. वर तिथले ड्रायव्हर बोलताना हजार गिळून टाकतात. 'टू हंड्रेड' म्हणजे दोन लाख. "दोनशेच तर मागतोय बिचारा, द्या की जावईबापू," सासूबाई मागून म्हणाल्या. तेव्हापासून खजिना बायकोकडे गेला. तिची पद्धत साधी: फोनचा टॉर्च लावायचा, एकेक नोट आकडा मोठ्याने म्हणत ड्रायव्हरच्या हातावर ठेवायची, आणि सुट्टे पैसे गाडीतून उतरण्याआधी मोजायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असल्या तरी मोजायचे.

दुसरा नियम मीटरचा. तिथे मीटरला 'आर्गो' म्हणतात. ब्लूबर्ड ही १९७२ साली जकार्तात सुरू झालेली जुनी टॅक्सी कंपनी. तिच्या फिकट निळ्या गाड्या मीटरवर चालतात अशी तिची ख्याती. ख्याती झाली की नकला होतात. बालीच्या रस्त्यावर फिकट निळ्या टॅक्स्या दिसतात त्यातल्या बऱ्याच भलत्याच कंपन्यांच्या असतात. निळा रंग तोच किंवा जरासा उन्नीस-बीस, आणि दारावर पक्ष्यासारखं काहीतरी. त्यामुळे मेहुणा कुटाच्या रस्त्यावर उभा राहून पक्षिनिरीक्षण करू लागला. टॅक्सी थांबली की हा वाकून पक्षी बघणार, पंख मोजणार, मग पुढच्या काचेवर कंपनीचं पूर्ण नाव शोधणार. तोवर टॅक्सी दुसऱ्याच कुणाला घेऊन निघून जायची.

शेवटी उन्हाला कंटाळून आम्ही एका अनोळखी पक्ष्याच्या गाडीत बसलो. "आर्गो?" मेहुण्याने विचारलं. "आर्गो ब्रोकन," ड्रायव्हर म्हणाला. गाडीचा एसी उत्तम चालू होता, रेडिओ चालू होता, आरशाला टांगलेलं काहीतरी लुकलुकत होतं. मोडला होता तो फक्त मीटर. मेहुण्याने शांतपणे दार उघडलं आणि आम्ही चौघं पुन्हा उन्हात. ड्रायव्हरने काच खाली केली, "ओके ओके, आर्गो." पन्नास फुटांत मीटर दुरुस्त! इतका जलद कारागीर मी जन्मात पाहिला नाही.

मग आम्ही गाडी बोलवायच्या अ‍ॅपकडे वळलो. ग्रॅब किंवा गोजेक. भाडं आधीच स्क्रीनवर, गाडीचा नंबर स्क्रीनवर, ड्रायव्हरचं नाव स्क्रीनवर. मेहुण्याचा तिसरा नियम जणू यासाठीच जन्मला होता. सेमिन्याकच्या एका गल्लीत आम्ही उभे. स्क्रीनवर नाव आलं, वायन. समोर ओळीने चार-पाच गाड्या. सासूबाईंना धीर निघेना. त्यांनी हाक मारली, "वायन!" रस्त्यावरच्या तीन ड्रायव्हरांनी माना वळवल्या, आणि समोरच्या दुकानातून एक जण बाहेर डोकावला.

त्याचं असं आहे की बालीत नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात. पहिलं मूल वायन, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं तर पुन्हा वायन. पर्यायी नावं आहेत, पुतू, कादेक, कोमांग अशी, पण तीही क्रमाचीच. म्हणजे 'ड्रायव्हरचं नाव पडताळा' हा सल्ला देणारा माणूस बालीला गेलेला नसणार. राहता राहिली गाडी. तर अ‍ॅपवरच्या गाड्यांत सात आसनांच्या अव्हान्झा रगड, आणि समोरच्या चारांतल्या तीन पांढऱ्या. बालीतल्या नंबरपाट्यांची सुरुवात 'डीके'ने, म्हणून पहिली अक्षरं वाचून उपयोग शून्य. आकडे आणि शेवटची अक्षरं बघायची. आणि स्वतः नाव सांगायचं नाही, "तुम्ही कुणाला न्यायला आलात?" असं त्यालाच विचारायचं. आमच्या वायनने मेहुण्याचं आडनाव असं काही उच्चारलं की ते दुसऱ्या कुणी बनवून सांगणं अशक्यच होतं. आम्ही निश्चिंत बसलो.

उबुदमध्ये निराळाच पेच. तिथे रस्त्यारस्त्यावर अ‍ॅपवाल्या गाड्यांना बंदी घालणाऱ्या पाट्या. प्रवासी सोडा, पण उचलू नका. एका पाटीवर ग्रॅब आणि गोजेकच्या जोडीला उबरही होतं. उबरने आग्नेय आशियातला आपला धंदा २०१८ सालीच ग्रॅबला विकला. पाटीने अजून माफ केलेलं नाही. गाव त्यांचं, रस्ता त्यांच्या दारातून जातो, तेव्हा स्थानिक ड्रायव्हरांचा राग मला अगदीच अनाठायी वाटला नाही. पण पाटीखाली उभं राहून गाडी बोलवणारा पाहुणा मात्र फुकट सापडतो. आमच्या ड्रायव्हरचा निरोप आला: पुढच्या वळणापर्यंत चालत या, कुणी विचारलं तर मी तुमचा मित्र आहे असं सांगा, आणि एक जण पुढे बसा. सासूबाईंनी भूमिका फारच मनावर घेतली. गाडी दिसताच त्या हात उंचावून "अगंबाई, किती दिवसांनी!" असं खणखणीत मराठीत ओरडल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मागे आम्ही तिघं. सीटच्या कव्हरखाली गडप झालेलं पट्ट्याचं कुलूप मेहुणा दोन बोटांनी उकरून काढत होता. त्यातून आधी एक जुनी पावती निघाली, मग शेंगदाणे, मग कुलूप.

उलुवातूला मात्र अ‍ॅपने हात टेकले. समुद्रावरच्या कड्यावर देऊळ, सूर्यास्ताच्या वेळी केचक नृत्य, शेकडो प्रेक्षक. नाच संपतो आणि हे सगळे शेकडो जण एकाच वेळी टॅक्सी शोधू लागतात. जाताना वाट्टेल तितक्या गाड्या मिळतात, कारण जाणारे पांगून जातात. परतणारे मात्र एकगठ्ठा परततात. बेटावर टॅक्सीचं सगळं गणित परतीचं आहे. आजूबाजूचे लोक फोन आकाशाकडे धरून उभे होते, स्क्रीनवरचं वर्तुळ गरगरत होतं.

आम्ही त्यांच्यात नव्हतो, याचं श्रेय सासूबाईंचं. सकाळी आम्हाला मिळालेल्या केतुतला त्यांनी दिवसभरासाठीच ठरवून टाकलं होतं. पेट्रोल, पार्किंग, समुद्रावरून जाणाऱ्या त्या २०१३च्या टोलरस्त्याचा टोल, थांबण्याचे तास, सगळं धरून एकच आकडा. कागदावर लिहून, हजारासकट सगळी शून्यं मांडून. पैसे घरी, म्हणजे हॉटेलवर, पोचल्यावर. वाटेत चांदीची दुकानं आणि उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची ती कॉफी नको, हेही सांगून झालं होतं. (चेलुक गाव आलं तेव्हा चांदीच्या दुकानासमोर गाडी थांबवायला त्यांनीच लावली, तो भाग वेगळा.)

तर केतुत पार्किंगमध्ये होता. फक्त त्याच्याभोवती आणखी दीडेकशे अव्हान्झा होत्या. नंबर वाचायचं काम नियमाप्रमाणे मेहुण्याचं. पण नाच सुरू होण्यापूर्वी एका माकडाने त्याचा चष्मा पळवला होता. उलुवातूची माकडं या व्यवहारात मुरलेली आहेत. वस्तू घेतात आणि फळाच्या बदल्यात परत देतात. भाव पटला नाही तर थांबतात. चष्मा परत मिळाला, पण डावी काडी चावलेली आणि काचेवर दात उमटलेले. मेहुणा एका डोळ्यावर काच धरून ओळीओळीने फिरत होता आणि परक्या गाड्यांची दारं ओढत होता. दोन कुटुंबं घाबरली. तेवढ्यात सासूबाईंनी सकाळी काढलेला फोटो उघडला: नंबरपाटी, शेजारचा खांब आणि खांबाला टेकलेला केतुत. आम्ही खांबाकडे चालत गेलो.

परतीच्या वाटेवर डॅशबोर्डवरच्या फुलांच्या द्रोणाचा वास येत होता. मेहुण्याने केतुतला विचारलं, "बालीत असा एखादा दिवस आहे का, की टॅक्सीच लागत नाही?" केतुत हसला. आहे म्हणाला, न्येपी. शक संवताचं त्यांचं नवं वर्ष, साधारण मार्चमध्ये. त्या दिवशी कुणी घराबाहेर पडत नाही, दिवे मंद, रस्त्यावर एकही गाडी नाही. पाहुण्यांनीही हॉटेलातच राहायचं. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद.

मेहुण्याचा चेहरा उजळला. काडी चावलेल्या चष्म्यातून त्याने तिथल्या तिथे पुढच्या मार्चची तिकिटं शोधायला सुरुवात केली. "भावोजी, फसवणुकीचा प्रश्नच मिटला!"

"मिटला ना?" सासूबाई पुढच्या सीटवरून न वळता म्हणाल्या. "मग विमानतळ बंद व्हायच्या आदल्या रात्री उतरून हॉटेलात कसा पोचणार आहेस, तेवढं आत्ताच केतुतशी बोलून घे."