बॅटरीला ऊब, मालकाला हुडहुडी

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या हिवाळी ट्रेकला निघण्यापूर्वी आयोजकांनी सामानाची जी यादी पाठवली, तीत एका धडधाकट माणसाला बर्फात जगवण्यासाठी थर्मलचे जोड, फ्लीस, डाऊन जॅकेट, हातमोजे, गॉगल आणि कानटोपी एवढ्यावर भागवले होते. माझ्या कॅमेऱ्याची यादी मात्र दुसऱ्या पानावर गेली. गादीदार पिशवी, तिच्यावरचे पावसाळी आवरण, हवाबंद झिपच्या पिशव्या, धूळ उडवायचा रबरी फुगा, काच पुसायची मऊ फडकी, जादा बॅटऱ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या असा तो सरंजाम होता. या पुड्यांसाठी मी घरातल्या चपला-बुटांची जुनी खोकी धुंडाळली. आई म्हणाली, "अरे, त्यापेक्षा तांदळाच्या डब्यात ठेव की." पण तांदूळ ओल शोषण्यात फारसे तरबेज नसतात, आणि लेन्सच्या फटीत आंबेमोहोराचे पीठ बसले तर ते काढायला देहरादूनमध्ये कोण भेटणार? त्यावर आईने, "बर्फात सगळे गोठलेलेच असते, मग पाणी येतेच कुठून?" असा जो प्रश्न केला, तो मात्र लाखमोलाचा होता, आणि त्याचे उत्तर मला पायथ्याच्या सांक्री गावात परतल्यावर द्यावे लागले.

विमानप्रवासातच मालक कोण आणि चाकर कोण हे स्पष्ट झाले. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात. 20,000 मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-तासांची होते आणि 100 वॉट-तासांच्या मर्यादेत बसते, हे गणित मी सुरक्षा तपासणीच्या रांगेत मनातल्या मनात घोकत होतो. मला ते कोणीही विचारले नाही. माझे डाऊन जॅकेट विमानाच्या पोटात गेले आणि बॅटऱ्या माझ्या मांडीवर बसून आल्या.

देहरादूनहून पुरोला आणि मोरी मागे टाकत, टोन्स नदीच्या कडेकडेने दिवसभर गाडी गेल्यावर सांक्री येते. हे गाव साधारण 1,900 मीटरवर आहे, म्हणजे 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा उंच. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर पायाखाली घातल्याचा आमच्या गटातल्या काहींना जो अभिमान होता, तो चहाच्या टपरीसमोर गाडीतून उतरतानाच गळून पडला. केदारकंठ्याचा माथा सुमारे 3,800 मीटरवर आहे. दर हजार मीटरला साडेसहा अंश या सर्वसाधारण हिशेबाने तो सांक्रीपेक्षा बारा अंशांनी थंड असायला हवा, आणि वारा या हिशेबात धरलेला नसतो. वारा आपला हिशेब वेगळा वसूल करतो.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान शून्य ते 40 अंश दिलेले असते. शून्याखाली काय होते ते आपण जाऊन पाहायचे असते. लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि पडद्यावर भरलेली दिसणारी बॅटरी दोन-चार फोटोंत माना टाकते. ती संपलेली नसते, गारठलेली असते, आणि खिशात ऊब मिळाली की पुन्हा बोलू लागते. गोठणबिंदूखाली तिला चार्जिंगला लावले तर मात्र कायमची इजा होते. म्हणून बॅटऱ्यांची रवानगी दिवसा माझ्या बनियनच्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगेत होत असे. त्या बॅगेत बॅटऱ्या, मोबाईल, पॉवर बँक, उद्याचे पायमोजे आणि गरम पाण्याची बाटली यांची सोय लागल्यावर जी जागा उरेल, तीत मी झोपायचे, असा तंबूतला शिरस्ता होता. कूस बदलली की कोणीतरी बरगडीत रुतत असे. कॅमेरा मात्र बाहेरच्या गारठ्यातच, बंद पिशवीत, तंबूच्या कोपऱ्यात राहायचा, कारण त्याला थंडीपेक्षा थंडीतून उबेत येण्याचे भय अधिक असते.

आमचा वाटाड्या सांक्रीचाच होता आणि त्याचे बोलणे मोजके असे. जुडा का तालाब या तळ्याच्या पुढे वाट बर्फाने घट्ट झाली, तेव्हा बुटांना काटेरी साखळ्या चढवून देताना त्याने माझ्या गळ्यात लोंबकळणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, या तो चलो, या फोटो खींचो." बर्फावरच्या सुरक्षिततेचे याहून चांगले सूत्र मी कोठे वाचलेले नाही. गळ्यातला कॅमेरा प्रत्येक पावलाला झोके घेतो, तोल ऐन वळणावर हलवतो आणि पाऊल कोठे पडते आहे तेही दिसू देत नाही. त्याची जागा पाठपिशवीच्या पट्ट्यावरच्या पक्क्या खटक्यात किंवा पिशवीतच, आणि हात काठीसाठी मोकळे. हे सारे मला मान्य होते. तरीही पुढच्या उतारावर देवदारांच्या मधून एक सुरेख किरण आला, कॅमेरा हातात आला, आणि पाय निसटला. पडणाऱ्या माणसाने हात टेकावेत ही निसर्गाची योजना. पण माझे दोन्ही हात, यमुना ओलांडणाऱ्या वसुदेवासारखे, डोक्याच्या वर गेले आणि मी कॅमेऱ्याला बर्फाचा कणही न लागू देता पाठीवर आडवा झालो. गटातल्या एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी तो क्षण मोबाईलवर टिपला, आणि मग "लागले का हो?" असे विचारले.

फोटो काढणाऱ्याचा खरा घात चालण्यात होत नाही, थांबण्यात होतो. बाकीचे चढतात, घामेजतात आणि चालत राहतात म्हणून उबदार राहतात. हा मात्र घामेजल्यावर उजेडाची वाट पाहत उभा राहतो, बटणे सापडावीत म्हणून हातमोजे काढतो, आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सुती कपडा यात सर्वांत वाईट, कारण तो वाळतच नाही. अंग कापते आहे तोवर ठीक; बोबडी वळू लागली, साधी चेनही लावता येईना, तर प्रकरण गंभीर आहे, आणि तशात कापणे थांबले तर ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे. काकांचा यावर ब्रँडीचा तोडगा होता. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून गरम वाटते आणि आतली ऊब मात्र बाहेर जाते, हे मी त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कापराची पुडी हुंगली. वाटाड्या रोज संध्याकाळी प्रत्येकाला डोके दुखते का, जेवण गेले का, असे विचारी. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणे हाच आहे, आणि नेमके तेच ऐकावे लागेल या भीतीने माणसे इतकी सराईतपणे खोटे बोलतात, की तो उत्तरापेक्षा ताटात काय उरले आहे ते पाहत असे.

शिखराकडे अंधारातच निघालो, कारण उन्हाने बर्फ मऊ पडण्याच्या आत उतरायला लागायचे होते. माथ्यावर पोहोचलो तेव्हा स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग ही शिखरे समोर उभी होती आणि माझ्या लेन्सवर धुके होते. घरच्या सवयीने मी काचेवर हाऽऽ करून फडके फिरवले. त्या वाफेचा जागच्या जागी बर्फ झाला. तो खरवडायचा मोह आवरून फुग्याने आणि फडक्याने काच निवळवली, तेव्हा पहिला फोटो राखाडी आला. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सगळे जग मध्यम करड्या रंगाचे धरून चालतो, म्हणून शुभ्र बर्फ दिसला की तो घाबरून उजेड कमी करतो. त्याला तो एक-दीड स्टॉप, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मापाने, वाढवून द्यावा लागतो. ते चक्र फिरवण्यापुरते हातमोजे काढले, आणि आपल्याला बोटे आहेत ही बातमी नंतर बराच वेळ माझ्यापर्यंत पोहोचलीच नाही. तीळगूळ वाटणाऱ्या काकांनी माझा लाडू थेट माझ्या तोंडात घातला.

सांक्रीला परतल्यावर सगळे जण शेगडीभोवती बसले आणि "फोटो दाखवा" असा गलका झाला. आईच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ हीच होती. उबदार, दमट खोलीत गारठलेला कॅमेरा उघडला की हवेतली वाफ त्याच्या अंगावर आणि पोटात दवासारखी साचते. म्हणून बाहेर थंडीतच कार्ड आणि बॅटरी काढून घ्यायची, कॅमेरा हवाबंद पिशवीत घालायचा, आणि तो खोलीइतका कोमट होईपर्यंत, म्हणजे दोनेक तास, पिशवीला हात लावायचा नाही. मी बॅटरी काढली, कार्ड विसरलो, आणि चेन लावून बसलो. पिशवीच्या बाहेरून पाण्याचे ओघळ उतरू लागले, तसे मी ते सर्वांना अभिमानाने दाखवले. कोणी पाहिले नाही. काकांच्या मोबाईलभोवती गर्दी झाली होती आणि मी आडवा पडल्याचा फोटो बोटांनी मोठा करून, कॅमेरा नक्की किती उंच धरला होता यावर चर्चा चालू होती.