'द लास्ट एअरबेंडर' गोऱ्यांनी पाडला, म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर पुढे पाठवला. त्याचा गोषवारा असा : एम. नाईट श्यामलन या भारतात जन्मलेल्या दिग्दर्शकाने २०१० साली 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या गाजलेल्या जपानी कार्टून मालिकेवर भव्य चित्रपट काढला, त्यात भारतीय वंशाच्या नटांना मोठ्या भूमिका दिल्या, 'अवतार' या आपल्या शब्दाचा बिघडलेला उच्चार सुधारला, आणि नेमके हेच सहन न झाल्यामुळे गोऱ्या चाहत्यांनी बहिष्कार घालून तो चित्रपट पाडला. शेवटी, ज्यांना हा चित्रपट आवडत नाही त्यांनी आपल्या मनातला न्यूनगंड तपासून पाहावा, असा सल्लाही होता.

एरवी असल्या मजकुराकडे मी दुर्लक्ष करतो. परंतु या वेळी दाजींनी तो खास आपल्या मुलीसाठी टाकला होता. माझी ही भाची तेरा वर्षांची आहे, मूळ मालिका तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिली आहे आणि चित्रपट मात्र अर्ध्यावर बंद केला आहे. तिने मला फोन करून विचारले, "मामा, मला तो पिक्चर आवडला नाही म्हणजे मी आपल्याच लोकांच्या विरुद्ध आहे का?" हे उत्तर त्या प्रश्नासाठी आहे. दाजींनीही ते वाचावे, अशी अपेक्षा आहे.

'जपानी' हा शब्दच चुकीचा आहे, तेव्हा त्याचा निकाल आधी लावू. ही मालिका अमेरिकन आहे. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोन अमेरिकन चित्रकारांनी ती निकेलोडियन वाहिनीसाठी रचली, २००५ ते २००८ या काळात तिचे ६१ भाग प्रसारित झाले, आणि त्यातल्या चलच्चित्रणाचे बरेचसे काम दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंनी केले. मूळ मालिका जपानी असल्यामुळे अमेरिकनांना तिच्याबद्दल तक्रार करण्याचा हक्कच नाही, हा मजकुरातला युक्तिवाद येथेच संपतो.

श्यामलन यांचा जन्म भारतातला आहे, हे खरे. १९७० साली ते पुदुच्चेरी संघप्रदेशातल्या माहे येथे जन्मले आणि अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात लहानाचे मोठे झाले. परंतु भारतीय म्हणून त्यांच्यावर डूख धरला गेला, या आरोपाला रॉजर ईबर्ट या एकाच समीक्षकाचे उदाहरण पुरेसे आहे. ईबर्ट यांनी श्यामलन यांच्या 'साइन्स' या २००२ च्या चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले होते. २००८ साली 'द हॅपनिंग' या त्यांच्या चित्रपटाची बहुतेकांनी टर उडवली, तेव्हाही ईबर्ट यांनी त्याला तीन तारे देऊन त्याची बाजू घेतली. म्हणजे जगाने नावे ठेवली तरी या दिग्दर्शकाची पाठराखण करणारा हा माणूस होता. त्यानेच 'द लास्ट एअरबेंडर'ला अर्धा तारा दिला, चित्रपट सर्वच बाबतींत यातनादायक असल्याचे लिहिले, आणि प्रमुख पात्रांचे वंश बदलणे ही दिग्दर्शकाची पहिली अनाकलनीय चूक असल्याचे नोंदवले. त्रिमितीच्या चष्म्यातून पाहताना भिंगावर मळकट चादर टाकून चित्रीकरण केल्यासारखे वाटते, अशीही त्याची तक्रार होती. दोन वर्षांत ईबर्ट यांना अचानक श्यामलन यांचे माहे आठवले, असे मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे असेल तर त्याने तसे स्पष्ट लिहावे.

आता भारतीय नटांचा मुद्दा. संपूर्ण मजकुरातला सर्वांत घातक भाग हाच आहे, कारण तो सत्याच्या बरोबर उलटा आहे.

या मालिकेचे जग पंचमहाभूतांपैकी आकाश वगळता उरलेल्या चार तत्त्वांवर उभे आहे. तेथली काही माणसे आपापले तत्त्व हुकमाने वळवतात (यालाच मालिकेत 'बेंडिंग' म्हटले आहे) आणि चारही तत्त्वे वळवू शकणारा एकच, तो अवतार. ध्रुवप्रदेशातले जलवंशीय लोक उत्तर ध्रुवाजवळच्या मूळनिवासी इन्युइट समाजावरून घेतलेले आहेत आणि नायकाचे सवंगडी असलेली कतारा व सोका ही भावंडे मूळ चित्रांत स्वच्छ सावळी आहेत. वायुपंथी भिक्षूंवर तिबेटी बौद्ध परंपरेची छाया आहे. मालिकेचा नायक आंग याने लहानपणी हजारो खेळण्यांतून नेमकी चार निवडली आणि त्यावरून तोच अवतार असल्याची खूण पटली, ही गोष्ट दलाई लामांच्या शोधाच्या कथेवरून बेतलेली आहे. याउलट, शेजाऱ्यांवर चाल करून जाणारे आणि वायुपंथीयांचा वंशच्छेद करणारे अग्निराष्ट्र हे मालिकेत सर्वांत उजळ कातडीच्या माणसांचे आहे.

डिसेंबर २००८ मध्ये चित्रपटातल्या चार मुख्य नटांची नावे जाहीर झाली, तेव्हा चौघेही गोरे होते. आंग, कतारा, सोका आणि अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको यांपैकी एकही भूमिका आशियाई वंशाच्या नटाकडे नव्हती. चाहत्यांनी 'आंग गोरा नाही' ही पत्रमोहीम सुरू केली ती त्याच महिन्यात. भारतीय वंशाचा देव पटेल आला तो त्यानंतर, झुकोसाठी आधी निवडलेला गोरा गायक बाजूला झाल्यावर. तेव्हा भारतीय नटांना भूमिका मिळाल्या म्हणून चाहते चिडले, असे म्हणणाऱ्याने दिनदर्शिका तरी उघडून पाहावी. राग सुरू झाला त्या दिवशी जाहीर झालेल्या यादीत एकही भारतीय नव्हता.

बरे, नंतर जे भारतीय आले ते कोठे बसवले गेले? झुको झाला देव पटेल, सेनापती झाओ झाला मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी, राजा ओझाइ माओरी वंशाचा क्लिफ कर्टिस आणि इरोह काका इराणी वंशाचा शॉन टोब. ठळक भूमिकांतले सावळे चेहरे आक्रमकांच्या गोटात गेले आणि जगाला वाचवणारी तिन्ही मुले गोरी झाली. मूळ मालिकेतला रंगांचा क्रम इतक्या काटेकोरपणे उलटा केला गेला की तो योगायोग मानणे अवघड जाते. कतारा आणि सोका यांच्या गावातले इतर लोक मात्र इन्युइट चेहऱ्यांचेच ठेवले आहेत. त्या सगळ्या वस्तीत गोरे असलेले एकच घर निघावे आणि नेमकी तेथलीच मुले नायक व्हावीत! मुख्य भूमिकांच्या जाहिरातीत 'गौरवर्णीय किंवा इतर कोणत्याही वंशाचे' असे शब्द होते, म्हणजे पहिली पसंती कोणाला हे लपवण्याचीही तसदी कोणी घेतली नव्हती. गर्दीतल्या चेहऱ्यांसाठी फिलाडेल्फियात चाचणी झाली, तेव्हा येणाऱ्यांनी आपापल्या पारंपरिक पोशाखात यावे असे सांगताना निवड करणाऱ्या बाईंनी कोरियन माणसाने किमोनो घालावा असे उदाहरण दिले. किमोनो जपानी असतो. मराठी माणसाला 'तुमचा तो कथकळीचा पोशाख घालून या' असे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे.

या उलटापालटीला चाहत्यांनी 'बेंडिंग'वरून 'रेसबेंडिंग', म्हणजे वंश वाकवणे, असे नाव दिले. विरोध करणाऱ्यांत आशियाई-अमेरिकन लोक ठळकपणे होते. चिनी वंशाचे अमेरिकन चित्रकथाकार जीन लुएन यँग यांनी आपण हा चित्रपट का पाहणार नाही हे चित्रकथेतूनच जाहीर केले. पुढे २०१२ पासून याच मालिकेच्या अधिकृत चित्रकथा लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. मजकुरातले 'गोरे चाहते' ते हेच असावेत.

एक अर्धसत्य मात्र मला मान्य करावे लागते. झुको हे मालिकेतले सर्वांत गुंतागुंतीचे पात्र आहे, चेहऱ्यावर बापाने दिलेल्या भाजण्याचा व्रण वागवणारा हा मुलगा निव्वळ खलनायक नाही, आणि देव पटेलने ते काम इतरांपेक्षा बरे केले आहे. उच्चारांबाबतही दिग्दर्शकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. अमेरिकन मालिकेत 'ॲव्हटार' आणि 'ॲंग' असे ऐकून मराठी कानाला ठेच लागते, आणि आशियाई नावे आशियाई वळणाने उच्चारावीत ही भूमिका रास्त आहे. परंतु नावांचे उच्चार आशियाई करायचे आणि ती नावे धारण करणारे चेहरे अमेरिकन ठेवायचे, या सुधारणेचा अभिमान मी नेमका कोणत्या बाजूने बाळगावा, ते दाजींनी सांगावे. शिवाय चित्रपटातला 'आवतार' हा उच्चारही आपला नव्हेच.

बहिष्काराने चित्रपट पडला, हेही खोटे. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ३२ कोटी डॉलरची तिकीटविक्री केली. बहिष्काराचे आवाहन झाले होते, तरी लोक गेले, पैसे देऊन बसले आणि पाहून चिडले. नियोजित तीन चित्रपटांपैकी पुढचे दोन निघाले नाहीत आणि वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाच्या रॅझीसह पाच रॅझी (वाईट चित्रपटांची टर उडवणारे पुरस्कार) पदरात पडले, ते पाहिल्यानंतरच्या मतामुळे.

ते चिडले कशाने, हे कळण्यासाठी एकच प्रसंग पुरेसा आहे. मालिकेत भूमितत्त्वावर हुकमत असलेल्या लोकांना अग्निराष्ट्राने कैदेत ठेवले आहे ते भर समुद्रातल्या लोखंडी तुरुंगात, कारण तेथे माती नाही आणि माती नसल्यामुळे ही माणसे हतबल आहेत. कतारा त्यांना धीर देते, कोळसाही जमिनीतूनच येतो हे मुलांच्या ध्यानात येते आणि सुटका होते. चित्रपटात हाच तुरुंग जमिनीवर आहे. चारी बाजूंना डोंगर, पायांखाली माती, आणि कैदी खाली मान घालून बसलेले. मग आंग येऊन त्यांना सांगतो की, तुमच्या पायांखाली माती आहे! माशांना पाण्यात कोंडून ठेवावे आणि कोणीतरी येऊन त्यांना पोहण्याची आठवण करून द्यावी, तसे हे झाले. त्यावर कळस म्हणजे पाच-सहा धट्टेकट्टे पुरुष एका तालात पाय आपटून, हात फिरवून कवायत करतात आणि ती संपल्यावर पडद्यावरून एक मध्यम आकाराचा दगड रमतगमत तरंगत जातो. मालिकेत हे काम एकेकटा माणूस एका ठोशात करतो. माझी भाची चित्रपट बंद करून उठली ती येथेच, आणि त्या वेळी दिग्दर्शक कोठे जन्मला हे तिला ठाऊकही नव्हते.

बाकीचे दोष याच जातीचे आहेत. मालिकेच्या पहिल्या पर्वाची २० भागांची कथा १०३ मिनिटांत कोंबल्यामुळे पात्रे घडलेल्या गोष्टी एकमेकांना नुसत्या सांगत राहतात. सोका आणि राजकन्या युए यांची प्रेमकथा तर कताराच्या निवेदनातल्या एका वाक्यात उरकली आहे. खोडकर आंग संपूर्ण चित्रपटात हसत नाही. त्याबद्दल काहींनी आंगची भूमिका करणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या नोआ रिंगरची जी खिल्ली उडवली, ती मात्र अन्यायाची होती. अभिनयाचा अनुभव नसलेल्या त्या मुलाने ते संवाद लिहिले नव्हते.

राहिला 'चाहत्यांना कोणतेच रूपांतर चालत नाही' हा शेवटचा टोमणा. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर खऱ्या नटांची मालिका आली, तेव्हाही चाहते कुरकुरले. मूळ निर्माते २०२० सालीच त्या प्रकल्पातून बाहेर पडले होते आणि संवादांतून सगळे समजावून सांगण्याची खोड याही वेळी पुरती सुटली नव्हती. परंतु फिलिपिनो वंशाचा गॉर्डन कॉर्मियर आंग म्हणून आणि उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी मोहॉक समाजातली कियावेंटियो कतारा म्हणून समोर आली, तेव्हा २००८ सारखी पत्रमोहीम कोणाला काढावी लागली नाही. त्या मालिकेत नायकाला पुन्हा 'ॲंग' असेच म्हटले आहे; त्यावरचा मजकूर दाजींच्या गटात कधी येतो, याची मी वाट पाहत आहे.