‘आठ मेगापिक्सेलचा घ्या, उंच लावा आणि विसरून जा’: जरा थांबा

घराला कॅमेरे लावायचे म्हटलं की एक मेसेज हमखास फिरत येतो. सांगणं असं: सगळ्यात जास्त मेगापिक्सेलचा घ्या, हात पोहोचणार नाही इतका उंच लावा, वायरलेस घ्या म्हणजे कटकट नाही, इन्फ्रारेड असला की रात्रीची चिंता मिटली, आणि एकदा ॲपला जोडून विसरून जा. एकेक मुद्दा घेऊ.

‘मेगापिक्सेल जास्त, चेहरा स्पष्ट.’ इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. चेहऱ्याच्या वाट्याला किती पिक्सेल येतात ते महत्त्वाचं. २०१५ सालच्या युरोपीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल धरलेत. नुसतं ‘कुणीतरी आहे’ कळायला २५ पुरतात. आता हिशेब करा. सर्रास मिळणारी २.८ मिमीची लेन्स आडवं साधारण १०० अंश दाखवते. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. २५०ने भागले तर ते साधारण ७.७ मीटर रुंदीला पुरतात, आणि १०० अंशांत तेवढी रुंदी सव्वातीन मीटरवरच भरते. म्हणजे ओळख पटेल ती जेमतेम तिथपर्यंत. आठ मेगापिक्सेलचा घेतलात तर आडवे पिक्सेल दुप्पटच, म्हणून साडेसहाच्या आत-बाहेर. आणि तोच दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ५० अंशांच्या, म्हणजे ६ मिमीच्या आसपासच्या लेन्सचा घेतलात तर? आठ मीटर! अर्थात आजूबाजूचं कमी दिसणार. म्हणून अंगणात काय घडलं ते बघायला एक रुंद, आणि कोण आलं ते बघायला फाटकावर रोखलेला एक अरुंद, अशी जोडी मला एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा बरी वाटते.

शिवाय सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, तेवढाच ठेवून पिक्सेल वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. अंधारात शटर रेंगाळतं आणि चालत्या माणसाच्या चेहऱ्याचा नुसता फराटा उमटतो. खोक्यावर बारीक अक्षरात सेन्सरचा आकार दिलेला असतो, तो वाचा: १/२.८ इंचापेक्षा १/१.८ इंच मोठा.

‘उंच लावा.’ पाच मीटर उंचीवरचा कॅमेरा तीन मीटरवरच्या माणसाकडे जवळजवळ ५० अंश वाकून बघतो. टोपी छान दिसते, चेहरा नाही. अडीच-तीन मीटर पुरे. कुणी हात लावेल ही भीती खरी आहे, पण त्यावर उपाय म्हणजे एक कॅमेरा दुसऱ्याच्या नजरेत ठेवणं.

‘वायरलेस म्हणजे कटकट नाही.’ विजेची वायर बहुतेकांना लागतेच. बॅटरीवाले झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात, आणि अनेकदा पहिले एक-दोन सेकंद हुकतात. भिंती उघड्या असतानाच नेटवर्क केबल टाकून घेता आली तर पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवण्याची सोय) वीज आणि चित्र एकाच केबलमधून १०० मीटरपर्यंत जातं.

‘इन्फ्रारेड आहे ना!’ आहे, पण खिडकीच्या काचेआड ठेवलात तर त्याचाच उजेड उलटून चित्र पांढरंफटक होतं. लेन्ससमोर कोळ्याने जाळं विणलं तरी तेच.

‘जोडा आणि विसरून जा.’ सलग ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) रेकॉर्डिंग केलं तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. आठवडाभर बाहेर राहून परतलात की पहिला दिवस पुसलेला! एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) किंवा हालचालीपुरतं रेकॉर्डिंग ठेवलं तर बराच फरक पडतो.

आणि पासवर्ड. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) प्रचंड संख्येने ताब्यात घेतले. त्याच ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांकरवी डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. मालकांना पत्ताही नव्हता, कारण तेही जोडून विसरले होते. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि फर्मवेअरचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट येत राहतील असाच कॅमेरा घ्या.

सगळं बसवून झालं की रात्री दिवे मालवून घरातल्या कुणाला तरी नेहमीच्या चालीने फाटकातून आत यायला सांगा. मग लाइव्ह चित्र नको, साठवलेलं रेकॉर्डिंग काढा आणि चेहऱ्यावर पॉज करा. कोपऱ्यातली वेळही घड्याळाशी ताडून बघा.