तत्त्वज्ञान, तासिका तत्त्वावर

अकरावीला आर्ट्स, आणि त्यातही तत्त्वज्ञान! अभिनंदन. दहावीला बरे मार्क पडूनही ज्यांच्या डोक्यात हा किडा वळवळतो, अशा खान्देशातल्या मोजक्या पोरापोरींसाठी चार युक्तीच्या गोष्टी सांगतोय. माझा अधिकार काय म्हणाल, तर भाचीच्या ॲडमिशनसाठी नुकताच तीन दिवस एका ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीसमोर उभा होतो. कॉलेजचं नाव सांगणार नाही. धाकटीलाही तिथेच घालायचंय.

सगळ्यात आधी, हा विषय घेणार असल्याचं कोणाला सांगू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तर मुळीच नको. आमच्या भाचीने नेमकं तेव्हाच तोंड उघडलं. ताई माहेरी आलेली, पंगत बसलेली, वाट्यांमध्ये आमरस, आई खापरावर मांडा टाकतेय, आणि ही म्हणाली, "मी फिलॉसॉफी घेणार." आईचा हात तिथेच थांबला. मांडा एका कडेने काळा पडला. "कसाले वं माय?" एवढंच ती म्हणाली. माझे थोरले भाऊ, दादा, त्यांनी मात्र रसात बुडवलेला घास तोंडात टाकता टाकता विचारलं, "मंग खाशी काय?" दहावीचा निकालही अजून लागायचा होता.

दुसरं म्हणजे नातेवाइकांपुढे न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, काढू नका. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही दाव्यापासून निष्कर्षापर्यंतची पाच पावलं नैयायिकांनी घालून दिली खरी, पण आमच्या दादांना ती उपजतच येतात. प्रतिज्ञा: फिलॉसॉफी घेतलेलं पोर वाया जातं. हेतू: कारण तिला स्कोप नाही. उदाहरण: पारोळ्याच्या आपल्या पाहुण्यांचा पोरगा. (तो पोरगा मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे. वाया गेलाय हे खरं.) भाचीने सरळ व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा कायमचा संबंध, विचारली. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. पण जिथे जिथे तत्त्वज्ञान तिथे तिथे बेकारी, हे मोठ्या मामांनी कुठे पाहिलं? दादा ताईकडे वळून म्हणाले, "बघ, अजून विषय घेतला नाही तर उलट बोलायला लागली." झालं निगमन.

तर्कशास्त्र घेणार असाल तर फक्त "स्कोअरिंग आहे" म्हणा. पुढे कोणी काही विचारत नाही.

पेपर कोरा देऊ नका. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी कोरा कागद पाठवला तर उलट टपाली ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्या आल्या. बोर्डाकडून गुणपत्रिका येते.

आणि शक्यतो 'फिलॉसॉफी' हा शब्दच टाळा, 'एथिक्स' म्हणा. आमचा एक चुलतभाऊ सहा वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत बसलाय. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर आहे. कर्तव्य म्हणजे काय, सचोटी म्हणजे काय, थोर विचारवंत काय म्हणाले, असलंच सगळं. त्याच्या क्लासची फी काकांनी कपाशीच्या पट्टीतून भरली, आणि गावभर सांगितलं की पोरगं एथिक्स करतंय. हेच पोरगं सोळाव्या वर्षी ते वाचायला निघालं असतं तर काकांनी त्याला चावडीवरून ओढत घरी आणलं असतं. सोळाव्या वर्षी वाचलं तर खूळ, अठ्ठाविसाव्या वर्षी स्पायरल बाइंडिंग करून वाचलं तर करिअर.

अमळनेरवरून जाणं झालं तर बसमध्ये डोळे मिटून घ्या. त्या गावात १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर नावाची अभ्याससंस्था काढली. कापडगिरणीचा मालक माणूस, दाण्याला दाणा जोडणारा, पण त्याला बिचाऱ्याला स्कोप कळला नाही. कलकत्त्याहून कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ आमच्या ह्या उन्हाच्या मुलखात येऊन राहिला. मलकानींनी तिथे बसून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक चालवलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते ह्याच मंदिरात शिकायला. शाळेतली मास्तरकी त्यानंतरची. २०२४ ला साहित्य संमेलन झालं तेव्हा आम्ही सगळे छाती फुगवून हेच सांगत फिरत होतो. संमेलन संपलं, मांडव उतरला, आम्ही घरी येऊन पोरांना नीटच्या क्लासला घातलं. आमच्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाईंचं. शाळेची पायरी न चढलेली बाई मनावर विचार करत बसली, आणि आम्ही शाळेच्या पायऱ्या चढून काय करतो, ते आता सांगतो.

खिडकी. तीन दिवसांतले पहिले दोन दिवस साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली. वर विषयांची यादी रंगवलेली, तिच्यात नववा विषय 'तत्वज्ञान', एकाच त चा. मी म्हटलं जाऊ दे, विषय आहे हे काय थोडं झालं? आतले भाऊ फॉर्म बघून म्हणाले, "हा विषय नका घेऊ आप्पा."

"का? यादीत आहे ना?"

"यादीत शे. पण पोरं सातच शेतस. वीस लागतात."

"आणि सर?"

"सर तासिका तत्त्वावर. तास नाही तर सर नाही."

माणूस कसा तत्त्वाला धरून बोलला बघा. सरांना तासाचे पैसे, तेही कधी मिळतील ते मिळतील. सुटीत तास नाही, म्हणजे सुटीत सर नाहीत. आत्मा नित्य की अनित्य हे ज्यांनी शिकवायचं ते जून ते मार्च असतात, मग नसतात. भाची म्हणाली, "सर, आम्ही सात जण पुस्तक आणून स्वतः वाचू, फक्त विषय चालू ठेवा." भाऊंनी वर बघितलंही नाही. टेबलावरचा व्हाइटनर घेतला, 'तत्त्वज्ञान' ह्या शब्दावरून एक हात फिरवला, दोनदा फुंकर मारली, आणि ओल्यावरच लिहिलं 'सहकार'. पोरीला विचारलं नाही. मला विचारलं नाही. खोडलेल्या शब्दाचा दुसरा त व्हाइटनरच्या कडेला थोडा दिसत होता, त्यावर पुन्हा एक ठिपका दिला. सहकार म्हणे! कोणाचा कोणाशी?

आता त्या खिडकीसमोरच अकरावी सायन्सचा वर्ग होता. दार उघडं. आत पंखा फिरतोय, मागच्या बाकाखाली कुत्रं झोपलंय, आणि बाकांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. मी विचारलं, ह्या वर्गात किती पोरं? भाऊ अभिमानाने म्हणाले, "ऐंशी. फुल्ल." कुठायत? कोणी लातूरला, कोणी नाशिकला, कोणी थेट कोट्याला. इथे फक्त नाव. प्रॅक्टिकलला येतील, बोर्डाच्या परीक्षेला येतील, बाकी वर्षभर हजेरीपटावर सुखाने नांदतील. वैशेषिक नावाच्या जुन्या दर्शनाने जगातल्या पदार्थांच्या यादीत पुढे अभाव, म्हणजे नसणं, हा सातवा पदार्थ म्हणून जोडला. भाट्ट मीमांसक हे दुसरे पंडित म्हणाले, अभाव कळायला अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, नावाचं वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, लागतं. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही हे कळतं. हजार-बाराशे वर्षं पंडितांनी ह्यावर डोकी फोडली. आमच्या कॉलेजने प्रश्न एका रजिस्टरात सोडवला. घागर दिसत नाही, म्हणून घागर हजर.

ऐंशी नसलेली पोरं पुरतात, आणि समोर घाम पुसत उभी असलेली सात पोरं कमी पडतात! ह्याला कोणत्या शास्त्रात बसवू? त्या ऐंशींवर तुकडी टिकते, तुकडीवर पगार टिकतो, आणि सातांना सांगायचं की बाळांनो, संख्या नाही. रोज येणाऱ्याला मोजायचं नाही आणि कधीच न येणाऱ्याला 'उपस्थित' लिहायचं, हे अकरावीच्या पोरांच्या डोळ्यांसमोर करता, वर त्यांनाच मूल्यशिक्षण देता? लाज कशी वाटत नाही?

आणि खिडकीतल्या भाऊंना एकट्याला काय बोलू? त्या ऐंशींचे आईबाप कोण आहेत? आपणच. खोट्या हजेरीसाठी वेगळे पैसे मोजून आलेले आपणच. पोरगं दोन वर्षं खोटी सही चालवून डॉक्टर व्हायला निघालंय, ह्यात कोणाला वाया जाणं दिसत नाही. पोरीने "मोठे मामा, हे कशावरून?" विचारलं की ती वाया गेली. उलट उत्तर नको, 'का' नको, 'कशावरून' नको, आणि उद्या हेच पोर कोणाच्या थापेला भुलून पैसे बुडवून आलं की कपाळावर हात मारून म्हणायचं, एवढं शिकवलं पण अक्कल आली नाही. अहो, अक्कल शिकवायचा तास होता तो. व्हाइटनरने पुसलात.

मीही मोठा शहाणा नाही. 'सहकार' लिहिलेल्या फॉर्मवर पालक म्हणून सही माझीच आहे. मागे रांग होती, ऊन होतं, साडेबाराची एसटी गाठायची होती. भाची येताना सबंध रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

सोमवारी परत जातोय, ह्या वेळी खिडकी सोडून प्राचार्यांच्या केबिनमध्ये. तेरा पोरं कमी पडतायत. तुमच्या घरात एखादं असेल तर पाठवा. नसेल तर निदान मला रस्त्यात अडवून 'त्याला स्कोप काय' एवढं विचारू नका, ह्या वेळी आखाजीच्या पंगतीत बसलोय म्हणून गप्प राहणार नाही.