डब्याला काही होत नसतं, मालक

गाडीखालच्या, धूर साफ करणाऱ्या डब्याकडे कानाडोळा करायचा असेल तर सगळ्यात आधी डॅशबोर्डवरच्या चेक इंजिनच्या त्या पिवळ्या दिव्याची सोय लावा. काळी चिकटपट्टी बोटभर कापायची आणि दिव्यावर चिकटवायची, खर्च शून्य. तुळजापूरहून आणलेला छोटा फोटो मात्र तिथे लावू नका, देवीला या भानगडीत ओढायचं कारण नाही. हा दिवा स्थिर असला तर 'सवडीने दाखवा' असं सांगतो. लुकलुकायला लागला तर त्याचा अर्थ असा की इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही आणि कच्चंच सायलेन्सरात चाललंय, आत्ताच गाडी बाजूला घ्या. पट्टी लावली की दोन्हीतला फरकच उरत नाही.

कुणी हौशी मेस्त्री स्कॅनर लावून 'पी-०४२०' असा कोड दाखवेल आणि म्हणेल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. घाबरू नका. इंजिनातून निघालेला धूर ज्या डब्यातून जातो, तो हा. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांतलं ९० टक्क्यांच्या वर हा डबा निस्तरतो, तेही २५०-३०० अंश तापल्यावर. घर ते पानटपरी एवढीच रपेट असेल तर तो तापतच नाही. म्हणजे नसला तरी तुमचं तसं अडलेलं नाही.

आता ॲव्हरेज. गाडी १८ द्यायची, आता १३ वर आली. उत्तर सोपं आहे: पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. लातूर, धाराशिव, बीडकडच्या कोणत्याही पारावर हे उत्तर तयार मिळतं, आणि गंमत म्हणजे देणाऱ्याचाच ऊस कारखान्याला गेलेला असतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरंच आहे. पण २० टक्के मिसळल्यावर हिशेबाने घट भरते ६-७ टक्के. १८ चे १३ म्हणजे जवळपास २८ टक्के. मधले २१ टक्के कुठे गेले, हे विचारणाऱ्याला चहा सांगा आणि विषय पावसाकडे वळवा. आपल्याकडे तो विषय बारा महिने चालतो.

कारण ते २१ टक्के शोधायला निघालात तर मांजरसुंब्याच्या घाटात जावं लागेल. गावात गाडी ठीक चालते. घाटात इंजिन जास्त फिरतं, धूर जास्त निघतो आणि डब्याची जाळी तुंबलेली असेल तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. जुना धूर आतच घुटमळतो, ताज्या हवेला जागा मिळत नाही, गाडी उचलत नाही. मग तुम्ही पायाखालचं पॅडल आणखी दाबता आणि काटा खाली येतो. नाकाला उपरणं बांधून पळायला सांगितलं तर माणसाचं जे होईल, तेच गाडीचं होतं. तुम्ही मात्र एसी बंद करा, मागच्या सीटवरच्या मेव्हण्याला उतरवा आणि म्हणा, "वजन झालंय."

डबा तुंबावा यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, तुम्ही आधीपासून योग्य मार्गावर आहात. पेट्रोल पेटवणारे स्पार्क प्लग बदलू नका. प्लगला वीज देणारी कॉइल गेली तरी 'थोडं धक्के मारतंय' म्हणून चालवत राहा. न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथे पेटतं आणि सिरॅमिक वितळून गोळा होतो. गाडी ऑइल पीत असेल तर वरून ओतत राहा. ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त जाळीवर बसून थर आंधळा करतात, म्हणजे धूर साफ करायचं त्याचं काम बंद. पूर्वी हे काम शिसं करायचं, म्हणून तर डब्याच्या सोबतीने शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं. १९९५ ला चार महानगरांत आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर. शिसं गेलं, आपण आहोत.

खरा नशीबवान तो, ज्याचा डबा तुंबत नाही, नुसता आंधळा होतो. धूर आरपार जातो, पिकअप जात नाही, ॲव्हरेजला धक्का लागत नाही. तुमचं काहीही जात नाही, मालक! जातं ते मागच्या मोटरसायकलवाल्याचं, त्याच्या पुढ्यात टाकीवर बसलेल्या पोराचं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही, म्हणजे तक्रारीची भीती नाही. कधी सडक्या अंड्यासारखा वास आलाच, तर तो पेट्रोलमधल्या चिमूटभर गंधकाचा असतो. चौकातल्या अंडाभुर्जीच्या गाडीकडे रागाने बघायचं.

पीयूसीची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या दाखल्याची, चिंता करू नका. पेट्रोलच्या गाडीला उभ्या जागी धुराडं तपासतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं त्या चिठ्ठीवर येतच नाहीत. दाखला नसला तर दंड मात्र १०,००० रुपयांपर्यंत. थोडक्यात, कागदाला जपा, धुराचं पुढे बघू.

एक खबरदारी सांगून ठेवतो. काढणीच्या दिवसांत आपल्याकडे डांबरी रस्त्यावर सोयाबीन, उडीद पसरलेलं असतं, मळणी आपल्याच चाकांनी फुकटात होते. वाळका पाला गाडीखाली अडकतो. चांगल्या डब्याचं कवचसुद्धा काहीशे अंश तापतं. मिसिंगवाल्या गाडीचा डबा लालबुंद होऊ शकतो. शेंगांवर गाडी थांबवून फोनवर बोलत बसलात आणि खालून धूर आला, तर शेतकऱ्याशी वाद घालू नका. त्याचा माल, तुमची गाडी, सारखंच नुकसान.

शेवटी एखादा मेस्त्री रामबाण सांगेल. "सब्बल घालून जाळी फोडू, रिकामा डबा परत वेल्डिंग. नवा कशाला घेता, लई महाग हाय." लगेच हो म्हणा. गाडी दुसऱ्या दिवशी उडायला लागेल, कारण बोळाच निघाला. मिसिंग आहे तिथेच, ते पेट्रोल पीत राहील. डब्याच्या मागचा सेन्सर बोंबलेल, पण आपली चिकटपट्टी आहेच. फोडलेला चुरा मेस्त्री 'भंगार' म्हणून ठेवून घेईल. घेऊ द्या. लग्नात सोनं गुंजेपर्यंत मोजणारे आपण, प्लॅटिनम-रोडियम दोन चहावर सोडून येतो. दिलदारपणा म्हणतात तो हाच.

त्यानंतर गाडी विकायला काढा. सिंगल हँड, शिक्षकाने वापरलेली. बघायला शक्यतो पाहुण्यातलाच माणूस बोलवा, तो स्कॅनर आणत नाही. बोनेट उघडेल, टायरला लाथ मारेल, मग विचारेलच, "दाजी, ॲव्हरेज काय देती?"

चिकटपट्टीवर हात ठेवून सांगा, "हायवेला अठरा."