"बायकांना चूलच हवी असते" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. वर मातीच्या चुलीचा फोटो आणि खाली "आपल्या आज्या चुलीवर स्वयंपाक करून नव्वद वर्षं जगल्या" वाला. मग तोच माहेरच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चुलीचा धूर अंगाला चांगला, सरकारने गॅस दिला तरी खेड्यातल्या बायका चुलीकडेच वळल्या कारण त्यांना चूलच आवडते, कुणाला फारच त्रास होत असेल तर सुधारित चूल घ्यावी, आणि शेवटी म्हणे आफ्रिका-आशियातल्या कोट्यवधी गरिबांना गॅस आणि वीज दिली तर पृथ्वी तापेल, त्यापेक्षा ते आहेत तसे निसर्गाजवळ बरे. खाली तीस-चाळीस अंगठे. मी पुण्यात धायरीत राहते पण माहेर वेल्ह्याकडचं, म्हणजे आताचा राजगड तालुका, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत रोज फुंकणी हातात होती, त्यामुळे हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी आज्यांचं. माझी आजीपण शहाऐंशी वर्षं जगली, चुलीपुढे बसूनच. पण तिची धाकटी जाऊ चाळिशीत खोकून खोकून गेली, तिचा फोटो कुणाच्याच मोबाईलमध्ये नाहीये म्हणून तिची गोष्ट फॉरवर्ड होत नाही एवढंच. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या आसपास आहे. ज्या जगल्या त्या आपल्याला भेटल्या, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्याच जगल्या.

धूर औषधी असतो हे तर कुठून आलं काय माहीत. ओली काटकी असो नाहीतर गोवरी, तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यात २ लाख ३७ हजारांहून जास्त पाच वर्षांच्या आतली लेकरं. आणि यातले निम्म्याहून जास्त मृत्यू खोकल्यादम्याचे नाहीत, हृदयविकाराचे आणि स्ट्रोकचे आहेत, म्हणजे घरच्यांना चुलीचा संशयसुद्धा येत नाही, "अचानक अटॅक आला" म्हणून विषय संपतो.

माझ्या मावशीला चार वर्षांपूर्वी पुण्यात आणून दाखवलं, दोन पायऱ्या चढल्या की धाप. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, विडी-सिगारेट ओढता का? तिने आयुष्यात हात लावला नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, स्वयंपाक कशावर? आणि मान हलवली. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आक्रसून कायमची धाप लावणारा फुप्फुसाचा आजार. पुण्यातलेच डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच मांडलं होतं की सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि जगभरात त्याचं सगळ्यात मोठं कारण बहुधा चुलीचा धूर असावा. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन आपण तासाभरात खाली उतरतो, ती भाकरी थापणारी बाई दिवसभर त्याच धुरात असते. चव मलाही आवडते, चवीबद्दल माझं भांडणच नाही.

आता तो मुद्दा ज्याने मला सगळ्यात जास्त राग आला. "गॅस दिला तरी चुलीकडेच वळल्या." वळल्या हे खरंय. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी जोडण्या झाल्या (आठ कोटीवी जोडणी तर आपल्याच संभाजीनगरात दिली गेली), आता १० कोटींच्या वर आहेत, हे काम मोठंच आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी वर्षाला सरासरी ३ च्या आसपास सिलेंडर भरले. आमच्या घरी चौघांत दीड महिना एक सिलेंडर पुरतो, म्हणजे वर्षाला आठ. मग उरलेला स्वयंपाक कशावर झाला? चुलीवर. पण तो आवडीने झाला का हे बघायचं असेल तर पुढचं वर्ष बघा. कोविडमध्ये, एप्रिल २०२० पासून, उज्ज्वलावाल्यांना तीन सिलेंडर मोफत दिले आणि त्या वर्षी सरासरी लगेच ३ वरून ४.३९ वर गेली, मोफत बंद झाल्यावर पुढच्या वर्षी परत ३.६८ वर आली. नंतर सबसिडी आधी २०० आणि मग ३०० रुपये झाली तशी ती पुन्हा हळूहळू वर चढली. आवड अशी दर वर्षी भावाबरोबर वरखाली होते का?

मावशीलाच विचारलं मी, तुला चूल हवीशी वाटते का गं? ती म्हणाली, "हवीशी वाटते म्हणून कोण पेटवतं, सिलेंडर संपलाय आणि मजुरी शनिवारी मिळणार." एवढं साधं आहे ते. मजुरी आठवड्याला येते, सिलेंडरचे आठशेच्या वर रुपये एकदम द्यावे लागतात, सबसिडी नंतर खात्यात येते, गाडी फाट्यापर्यंतच येते आणि सरपण मात्र बांधावर फुकट मिळतं. फुकट म्हणजे बाईच्या दोन तासांचे पैसे कुणी लावत नाही म्हणून फुकट. शिवाय आंघोळीचं पाणी! आमच्याकडे बंब, गुरांचं आंबोण, लग्नकार्यातलं मोठं पातेलं, हे सगळं गॅसवर करायचं कुणाला परवडणार? त्यामुळे चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि पाणी चुलीवर, आणि धूर घरात तसाच.

यावर उपाय नाहीत असं नाही. इंडोनेशियाने २००७ पासून रॉकेलवरून गॅसवर जाताना ३ किलोचे छोटे सिलेंडर काढले आणि पाच कोटींहून जास्त घरांपर्यंत पोचवले, केनियात मोबाईलवरून थोडे थोडे पैसे भरून तेवढाच गॅस वापरायचे मीटर निघाले. आपल्याकडेही २०२४ मध्ये राज्य सरकारने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलेंडर मोफत जाहीर केले. यातलं प्रत्येक पाऊल हेच धरून चाललंय की अडचण पैशाची आणि पोचण्याची आहे.

सुधारित चुलीबद्दल बोलताना मला जपून बोलायचंय कारण पुण्यात या कामात आयुष्य घातलेली माणसं आहेत, डॉ. आनंद कर्व्यांच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा केला, घरगुती बायोगॅस केला, त्यांना २००२ आणि २००६ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठीचे ॲश्डेन पुरस्कार मिळाले. चांगली चूल जळण वाचवते, ते खरंच उपयोगाचं आहे. पण फुप्फुस वाचायला ते पुरतं का? मलावीत मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले, कमी धुराच्या चुली देऊनही लहान मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही. आणि प्रामाणिकपणे हेही सांगते की गॅस दिला की सगळं जादूने नीट होतं असंही नाही, आपल्या तामिळनाडूत आणि आणखी तीन देशांत गरोदर बायकांना गॅस देऊन पाहिला, त्यांच्या श्वासातला धूर खूप कमी झाला पण बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. म्हणून धूर चांगला ठरत नाही. गर्भारपणाच्या मधल्या काही महिन्यांपुरता गॅस उशिराचा पडत असेल असं मला वाटतं.

राहिलं पृथ्वी तापण्याचं. जगात आजही सुमारे २१० कोटी लोक लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांवर शिजवतात. लाकूड नैसर्गिक म्हणून निर्दोष नसतं, अर्धवट जळलं की काजळी आणि मिथेन सोडतं आणि जिथे झाडं वाढण्यापेक्षा तुटतात जास्त तिथे तर दुहेरी नुकसान. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये हिशोब मांडला की २०३० पर्यंत सगळ्यांना स्वच्छ इंधन मिळालं, त्यात गॅसही धरून, तर उत्सर्जन दीड अब्ज टनांनी घटेल. घटेल! खर्च वर्षाला ८ अब्ज डॉलर, जगाच्या मानाने काहीच नाही.

आणि विजेबद्दल हे वाक्य पुण्यात बसून कुणी लिहावं याचं मला खरंच वाईट वाटतं. मुळशी धरणाच्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, जमिनी गेल्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या, त्यासाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. तिकडे काँगोमध्ये इंगा धरणावरून १,७०० किलोमीटरची लाईन १९८२ मध्ये थेट कटांगाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत नेली, वाटेतल्या गावांवरून तारा गेल्या आणि गावं अंधारात राहिली, आजही त्या देशात पाचातल्या एकाच्याच घरी वीज आहे. जगात वीज नसलेले ६६ कोटींच्या वर लोक आहेत आणि त्यातले बहुतेक सहाराच्या दक्षिणेचे. त्यांनी एक बल्ब आणि एक पंखा लावला म्हणून पृथ्वी तापेल हे आपण एसी लावून टाईप करायचं?

आपल्याकडे सौभाग्य योजनेतून अडीच कोटींवर घरांत मीटर बसले, चांगलंच झालं, पण मीटर बसणं आणि संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज मिळणं यात फरक आहे, पुण्याच्या प्रयास संस्थेने लोकांच्या घरात यंत्रं बसवून हेच मोजलंय. एका सिलेंडरचं काम इंडक्शनवर साधारण १२० युनिटमध्ये होतं असा माझा हिशोब आहे, म्हणजे वीज नीट मिळाली तर मावशीला शनिवारची वाट बघायला नको. मागच्या दिवाळीला तिला इंडक्शन नेऊन दिली. सकाळी चालते. संध्याकाळी तिच्या घरातला बल्बच पिवळा पडतो, इंडक्शन बीप करून बंद होते, आणि ती उठून काटक्या आणायला मागच्या दारी जाते.