‘कुठलाही टॅब घ्या, गुगल मॅप्स टाका’ : कॉकपिटमध्ये यावर का भागत नाही

लहान विमान चालवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. थोडक्यात तो असा : ‘विमानासाठी वेगळं जीपीएस घेणं म्हणजे पैशाची नासाडी. जीपीएस हल्ली सगळ्याच टॅबमध्ये असतं. मोठ्यात मोठा स्क्रीन घ्या, गुगल मॅप्स डाउनलोड करून ठेवा, पॉवर बँक जोडा. जीपीएसची उंची अल्टिमीटरपेक्षा अचूक असते. नाविकवाला टॅब मिळाला तर सोन्याहून पिवळं. कागद रद्दीत घाला.’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त पायलटांपर्यंत पोचवा’. (अल्टिमीटर म्हणजे हवेच्या दाबावरून उंची सांगणारं विमानातलं यंत्र. नाविक म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली.)

टॅबला आमचा विरोध नाही. खाली जमीन बघत उडणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य दुकानात चुकीची वस्तू घ्यायला लावतं, म्हणून एकेक घेऊ.

‘जीपीएस सगळ्याच टॅबमध्ये असतं’

नसतं. आयपॅडची दोन रूपं मिळतात : नुसतं वाय-फाय आणि वाय-फायसह सेल्युलर. उपग्रहांचे संकेत पकडणारी चिप फक्त सेल्युलर आयपॅडमध्ये असते. किमतीतला फरक १५ हजारांच्या आसपास आहे, आणि नेमके तेच वाचवायला माणूस वाय-फायवाला उचलतो. अँड्रॉइडमध्ये असा सरळ नियम नाही. वाय-फायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएस असतं, काही स्वस्त टॅबमध्ये नसतं. खोक्यावरच्या जाहिरातीत नाही, तपशिलाच्या यादीत ‘जीपीएस’ किंवा ‘जीएनएसएस’ (अशा सगळ्या उपग्रह प्रणालींचं सामाईक नाव) हा शब्द शोधायचा.

गैरसमज होतो तो निळ्या ठिपक्यामुळे. चिप नसलेला आयपॅड घरात, डेक्कनवर, एफसी रोडच्या कॅफेत अगदी बरोबर ठिपका दाखवतो, कारण तो आजूबाजूचे वाय-फाय राउटर ओळखतो आणि कुठला राउटर कुठे आहे याची यादी कंपनीकडे असते. तीन हजार फुटांवर राउटर नसतात. तिथे ठिपका शेवटच्या जागी थिजतो किंवा गायब होतो.

दुसरं टोकही तितकंच चुकीचं : ‘सेल्युलर घेतला तर सिम टाकावंच लागेल, नाहीतर जीपीएस बंद.’ सिमची गरज नाही. नेटवर्क फक्त सुरुवातीला मदत करतं, म्हणजे कुठला उपग्रह कुठे आहे ते आधीच सांगून ठेवतं. नेटवर्क नसेल तर टॅबला ही माहिती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते. एका उपग्रहाचा स्वतःच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून टॅब हँगरच्या पत्र्याखाली नाही, उघड्या आकाशाखाली आणि इंजिन सुरू करायच्या आधी चालू करावा.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी चाचणी करा. वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा, मोकळ्या मैदानात दहा मिनिटं थांबा, मग गाडीत मागच्या सीटवर बसून दोन-तीन किलोमीटर फिरा. ठिपका गाडीबरोबर सरकला तर चिप आहे. नाही सरकला तर टॅब परत करायची मुदत अजून हातात आहे.

चुकीचा टॅब आधीच घेतला असेल तर तो फेकू नका. बाहेरचा ब्लूटूथ रिसीव्हर जोडता येतो. गार्मिनचा ग्लो २ सेकंदाला दहा वेळा जागा कळवतो आणि एका चार्जवर १३ तासांपर्यंत चालतो. आयपॅडला ॲपलची मान्यता असलेलाच रिसीव्हर लागतो. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ‘मॉक लोकेशन’ला (बाहेरून आलेली जागा वापरायला) परवानगी द्यावी लागते. पंख वर असलेल्या सेस्नासारख्या लहान विमानात डोक्यावर ॲल्युमिनियमचं छत असतं, त्यामुळे मांडीवरच्या टॅबला आकाश फक्त खिडक्यांतून दिसतं. रिसीव्हर काचेजवळ ठेवता येतो, हा त्याचा खरा फायदा.

‘मोठ्यात मोठा स्क्रीन घ्या’

सेस्ना १५२ मध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. ११ इंची आयपॅड साधारण २५ बाय १८ सेंटिमीटरचा असतो. योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) बसवला तर मागचे स्विच झाकतो, मांडीवर ठेवला तर योक मागे ओढताना आडवा येतो. आयपॅड मिनी साधारण साडेएकोणीस बाय साडेतेरा सेंटिमीटरचा आणि ३०० ग्रॅमच्या आसपास. लहान कॉकपिटला तोच बसतो, आणि इथे आमचं मत पक्कं आहे.

स्टँड बसवल्यावर जमिनीवरच योक पूर्ण मागे, मग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. टॅब, वायर किंवा क्लॅम्प कुठेही अडकता कामा नये. हे न करता उडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. काचेला चिकटणारे सक्शन कप उन्हात मऊ पडतात आणि नेमके धक्क्यांच्या हवेत सुटतात.

होकायंत्राची गोष्ट तर कुणी बोलतच नाही. आयपॅडमध्ये आणि त्याच्या झाकणात चुंबकं असतात. टॅब ठरलेल्या जागी लावा, होकायंत्रावरचा आकडा वाचा, टॅब मागच्या सीटवर ठेवा, पुन्हा वाचा. आकडा हलला तर स्टँडची जागा बदला. होकायंत्र कुठल्या दिशेला किती चुकतं ते सांगणारं, त्याच्याखाली चिकटवलेलं कार्ड तुमचा टॅब तिथे नसताना भरलेलं आहे.

पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर दुकानातच तो घालून स्क्रीन उभा आणि आडवा धरून बघा. काही स्क्रीन एका दिशेत चक्क काळे दिसतात.

‘पॉवर बँक जोडली की काळजी मिटली’

पुण्यात बॅटरी संपून टॅब बंद पडण्याआधी तापून बंद पडतो. ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी दिलेली मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि बंद करून ठेवण्यासाठी ४५ अंशांपर्यंत. एप्रिलच्या दुपारी पुण्यात सावलीतच ३८-४० अंश असतात. बंद कॉकपिटमध्ये, काचेमागे उन्हात, त्याहून बरेच जास्त. टॅब तापला की आधी चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, मग स्क्रीन अंधुक होतो, आणि शेवटी नकाशाच्या जागी तापमानाची सूचना येते. म्हणजे ऊन सगळ्यांत जास्त असताना, स्क्रीन सगळ्यांत उजळ हवा असताना, तो सगळ्यांत मंद होतो.

पॉवर बँक इथे आगीत तेल ओतते, कारण चार्जिंगची स्वतःची उष्णता त्यात मिळते. घरून पूर्ण चार्ज करून न्या आणि तासाभराच्या उड्डाणात जोडूच नका. जाड रबरी किंवा चामडी कव्हर काढा. टॅब काचेखालच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. सेस्नात पंखाच्या मुळाशी ओढून उघडायचे हवेचे झरोके असतात, त्यांचा झोत टॅबच्या पाठीवर येईल असा स्टँड लावा. विमान पार्क केलं की टॅब पिशवीत घालून बरोबर न्या. तापलेला टॅब फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका : आत दव धरतं.

विमानाच्या सॉकेटवरून चार्ज करणार असाल तर आधी विमानाचा व्होल्टेज विचारा. जुन्या विमानांत १४ व्होल्ट, सेस्ना १५२ आणि १९७८ नंतरच्या १७२ मध्ये २८. गाडीसाठीचा नुसता १२ व्होल्टचा चार्जर २८ व्होल्टवर जळतो. ३२ व्होल्टपर्यंत चालणारा घ्या. चांगला चार्जरही रेडिओत खरखर आणू शकतो. रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडून चार्जर लावा, काढा, आवाजात फरक पडतो का ऐका.

उलट दिशेचा त्रासही आहे, रेडिओचा जीपीएसला. जीपीएसचे संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतात. विमानाच्या रेडिओच्या वारंवारतांपैकी १२१.१५ मेगाहर्ट्झला तेराने आणि १३१.२५ ला बाराने गुणा, दोन्ही उत्तरं त्याच्या अगदी शेजारी पडतात. म्हणून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, तसंच १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० वर बोलताना काही विमानांत उपग्रह सुटतात आणि बोलायचं बटण सोडलं की परत येतात. हे एकदा माहीत असलं की नवा टॅब खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण होत नाही.

‘गुगल मॅप्स पुरे’

रस्त्यासाठी पुरे. तो वेग ताशी किलोमीटरमध्ये देतो, विमानातल्यासारखा नॉटमध्ये (ताशी नॉटिकल मैलांत) नाही, रस्ता दाखवताना ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवतो, आणि हवाई हद्दी त्याला ठाऊकच नाहीत. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथली हद्द कुठे सुरू होते, कुठल्या उंचीपर्यंत आहे, कुणाशी बोलायचं, यातलं एकही अक्षर गुगलवर नाही. सिंहगडाचा माथा सुमारे १,३१२ मीटर, म्हणजे ४,३०० फुटांवर आहे, आणि वर टीव्हीचा मनोरा. साध्या नकाशात सिंहगड म्हणजे एक नाव आणि भज्यांच्या दुकानांचे फोटो.

उड्डाणासाठीचंच ॲप घ्या. पण वर्गणी भरण्याआधी त्यात भारताची हवाई माहिती आहे का ते बघा, कारण काही ॲप अमेरिका किंवा युरोपपुरतीच भरलेली असतात. ही माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते. भारताची अधिकृत हवाई माहिती एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते, ॲपमधल्या हद्दी एकदा तिच्याशी ताडून पाहा. ॲप कितीही भारी असलं तरी फ्लाइट प्लॅन द्यावाच लागतो आणि एअर डिफेन्स क्लिअरन्स (हवाई दलाची परवानगी) घ्यावंच लागतं.

ज्याला हा खटाटोप नको त्याच्यासाठी गार्मिनच्या एरासारखं विमानासाठी बनवलेलं छोटं यंत्र आहे. एरा ७६० चा स्क्रीन सात इंची, बॅटरी चार तासांपर्यंत. ते कॉकपिटसाठीच बांधलेलं असतं. महाग आहे, पण मेसेज म्हणतो तशी नासाडी नाही.

‘जीपीएसची उंची जास्त अचूक’

हा सगळ्यांत धोकादायक मुद्दा. हवेत विमानं एकमेकांपासून वेगळी ठेवली जातात ती दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरच्या आकड्याने, आणि त्या भागात सगळ्यांनी त्यावर एकच क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबातला हवेचा दाब) लावलेला असतो. तुम्ही एकटे जीपीएसची उंची धरून उडालात तर तुमचा आकडा बरोबर असूनही तुम्ही चुकीच्या जागी असता.

फरक किती पडतो? उन्हाळ्यात हवा विरळ होते, त्यामुळे अल्टिमीटर दाखवतो त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात उंच असतं. प्रमाण वातावरणापेक्षा (यंत्रांच्या हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेपेक्षा) दर १० अंश जास्तीला साधारण ४ टक्के. लोहगावची उंची १,९४२ फूट, तिथलं प्रमाण तापमान ११ अंश. जमिनीवर ३५ अंश असतील तर धावपट्टीच्या वर तीन हजार फुटांवर अल्टिमीटर आणि जीपीएसमध्ये पावणेतीनशे-तीनशे फुटांचा फरक पडेल. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर.

अँड्रॉइडवर आणखी एक गंमत. ही प्रणाली मुळात उंची देते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नाही. भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या खाली आहे, पुण्याजवळ साठ मीटरांहून जास्त. ॲपने दुरुस्ती केली नसेल तर लोहगावच्या धावपट्टीवर उभं असताना टॅब २०० फूट कमी उंची दाखवेल. तपासायला काही लागत नाही : टॅब धावपट्टीशेजारी धरा, आकडा १,९४२ च्या आसपास आहे का बघा. आयपॅड समुद्रसपाटीपासूनची उंची देतो.

‘नाविकवाला टॅब’

नाविक असणं वाईट नाही, जास्त उपग्रह दिसतात. पण विमानासाठी भारताची प्रणाली गगन (जीपीएसच्या चुका सुधारणारी) ही आहे, आणि तिचा पुरता उपयोग प्रमाणित रिसीव्हरला. असा रिसीव्हर उपग्रहांची आपसात तपासणी करतो : पाच उपग्रह असले तर चूक पकडतो, सहा असले तर चुकणारा उपग्रह वगळतो. टॅब असं काही करत नाही. खोटे संकेत आले तर ठिपका तितक्याच ठामपणे चुकीच्या जागी दिसतो. असे संकेत ही कल्पना नव्हे : डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने) नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांसाठी याविषयी परिपत्रक काढलं.

‘कागद रद्दीत घाला’

घालू नका, टॅब फसला की कागदच उरतो. उदाहरणाला पुणे-बारामती घ्या. लोहगावहून बारामतीची धावपट्टी सरळ रेषेत सुमारे ४४ नॉटिकल मैल, दिशा १२० अंशांच्या आसपास. वारा नसताना ९० नॉटला २९ मिनिटं. नऊ मिनिटांनी, १३ मैलांवर, उरुळी कांचन यायला हवं, सोलापूर रस्ता आणि दौंडकडे जाणारा लोहमार्ग जवळजवळ. नऊची अकरा मिनिटं झाली आणि लोहमार्ग दिसलाच नाही, तर टॅब काय म्हणतोय ते बाजूला ठेवून घड्याळ आणि होकायंत्र बघायचं. हे सगळं, शिवाय रेडिओच्या वारंवारता, क्यूएनएचसाठी मोकळी चौकट आणि इंधनाचा आकडा, एका अर्ध्या ए-फोर कागदावर पेन्सिलीने मावतं. कागद मांडीवरच्या क्लिपबोर्डला लावा आणि पेन्सिल दोऱ्याने बांधा, कारण पहिल्याच धक्क्याला ती सीटखाली जाते.